रात्रीच्या खणातले काजू

आक्का, भावकीच्या ग्रुपवर तुझा फोटो फिरतोय. हार घातलेला, मागं निळं आभाळ, खाली दोन पणत्या. तुझ्या कानातल्या कुड्या कुणीतरी फोनवरच घासूनपुसून चमकवल्यात. खाली रांगेनं लिहिलंय, प्रेमळ, कष्टाळू, त्यागी, कुणाला कधी दुखवलं नाही. आता सगळे माझ्या मागे लागलेत की घरातला गोष्टी सांगणारा तू, तर चार ओळी गोड लिही. गोष्टी सांगणारा म्हणजे काय ते तुला ठाऊक आहे. बोलण्याच्या नादात गॅसवरचं दूध उतू घालवायचं आणि दूध उतू कसं गेलं याचीही गोष्ट सांगायची. तर बसलो लिहायला. गोड काही येईना. मला तुझा राग आलाय. समोर असतीस तर मी कडाकडा भांडलो असतो, आणि तू पदराला हात पुसत म्हणाली असतीस, "झालं तुझं? मग जेव आता."

नाही झालं. ऐक.

तुझ्या छातीत धडधडतं हे कळलं तेव्हा तू आमच्याकडे कोल्हापुरात होतीस. डॉक्टर म्हणाले, हृदयाचे ठोके चुकतात, रक्ताची गुठळी होऊन मेंदूत जाऊ नये म्हणून रोज रात्री एक गोळी, आणि ती चुकवायची नाही. बीपीची सकाळी, साखरेची दोन वेळा. तू सगळी पाकिटं एका कॅरीबॅगेत कोंबलीस. त्यात आधीच बामाची बाटली होती, तुटका चष्मा होता, आणि दाजींच्या गोळ्या होत्या. दाजी जाऊन वर्षं लोटली तरी त्यांचं औषध तू सांभाळून ठेवलं होतंस. ती पिशवी तू आमच्या कोपऱ्यावरच्या मेडिकलच्या काउंटरवर उपडी केलीस. मेडिकल चालवणारी शिवलीला गडहिंग्लजकडची, बोलायला मऊ आणि कामाला कडक.

"आजी, यातल्या रोज कुठल्या खाता?"

"हाताला लागंल ती."

शिवलीलानं माझ्याकडे पाहिलं. मी छताच्या पंख्याकडे.

मग तिनं तो डबा काढला. आठवड्याचे सात वार, प्रत्येक वाराला तीन खण. सकाळच्या खणावर सूर्य, दुपारच्या खणावर ताट, रात्रीच्या खणावर चंद्र चिकटवलेला. म्हणाली, आम्हीच भरून देतो, तुम्ही फक्त त्या त्या वेळचं झाकण उघडायचं. तू चित्रं बघितलीस आणि चवताळलीस.

"मला काय वाचता येत न्हाय व्हय? चौथी झालीया माझी. आन् ह्यो मिसळणाचा डबा कशाला? मोहरी कुठल्या खणात घालतीस, बाई?"

"आजी, एकच लक्षात ठेवा. डबा जसा असेल तसा परत पाठवायचा. एखादी गोळी उरली तर त्याच खणात उरू द्यायची. म्हणजे काय चुकलं ते मला कळतंय."

अख्खं शास्त्र एवढंच होतं, आक्का. गोळ्या भरून देणं हे अर्धं काम. उरलेलं अर्धं काम परत आलेला डबा बघणं.

ठरलं असं की दोन डबे करायचे, एक निळा, एक गुलाबी. तू गावी परतलीस की शनिवारच्या चंदगड एसटीत कंडक्टरकडे भरलेला द्यायचा, परतीच्या गाडीला रिकामा घ्यायचा. तू म्हणालीस, "चंदगडात मेडिकलं न्हाईत व्हय?" मी म्हणालो, "आहेत, पण तिथं मी नाही." तू म्हणालीस, "लई शाणा झालास." पण पुढच्या शनिवारी भर पावसात छत्री घेऊन फाट्यावर उभी होतीस, असं कंडक्टरनं सांगितलं.

आणि पहिलाच डबा परत आला तो भरून.

सोमवार ते रविवार, एकवीसच्या एकवीस खण काजूंनी गच्च. मी स्वयंपाकघरात उभा राहून मंगळवारची दुपार खाल्ली, मग बुधवारची सकाळ. बायको म्हणाली, "अहो, निदान वार तरी बघून खा." हसू आवरेना आम्हाला. शिवलीलाला मात्र हसू आलं नाही. तिनं डबा उलटा करून काउंटरवर आपटला. काजूचा चुरा पडला.

"काका, यात काय उरलं होतं ते मला आता कसं कळणार?"

मी तुला फोन लावला. तू म्हणालीस, "माहेरचं भांडं रिकामं पाठवू व्हय मी? कुणी शिकिवलं तुला असलं?"

"आक्का, ते भांडं नाही. औषधाचा डबा आहे."

"डबा भांडं नसतोय तर काय असतोय?"

आपली आई शेजारणीची वाटी परत करताना चिमूटभर साखर तरी घालायचीच. आपल्या कोडोलीच्या घरातून कुठलंच भांडं कधी रिकामं गेलेलं मीही पाहिलं नाही. मी तडजोड सुचवली, काजू वेगळ्या पिशवीत घाल, डबा तसाच पाठव. तू पिशवीत काजू पाठवलेस आणि डब्यात गूळ. शिवलीलाच्या काउंटरवर मुंग्यांची रांग लागली. पुढं गूळ बंद झाला, घनसाळ तांदूळ आले. शेवटी तिनं हात टेकले. भरून देताना ती फोन लावायची, "आजी, सगळ्या घेतल्या का?" आणि तू, "घेतल्या की." कंडक्टरसुद्धा स्टँडवर हाक मारायचा, "ओ पावणं, आजीचा दवाखाना आलाय, न्या!" आमच्या बँकेत माझे काजू प्रसिद्ध झाले. मी ते वाटायचो आणि वर तुझी गोष्ट सांगायचो. लोक पोट धरून हसायचे.

कधीतरी त्यात बदल झाला. सकाळ-दुपारचे खण नुसते येऊ लागले, धुतलेले, कोरडे. रात्रीच्या खणांत तेवढे काजू. तेही तुकडा नाही, अख्खे, पांढरेशुभ्र, निवडून घातलेले. मला वाटलं, बाईला अखेर पटलं, रीत राखायला म्हणून एकाच रांगेत घालते. मी बायकोला म्हणालोसुद्धा, "बघ, आमची आक्का शिकते."

एकदा तुझ्या सुनेचा, सुरेखाचा फोन आला होता. "मामा, जरा येऊन जावा की. ते रातच्या खणात..." एवढंच म्हणाली आणि तू तिच्या हातातून फोन घेतलास. "काय न्हाय रे बाळ्या. काजू आवडलं का, इचारतीया." मी म्हणालो, फार आवडले. तू म्हणालीस, "मग खा."

त्या सकाळी तू चुलीपुढं वाकलीस ती सरळ उठलीच नाहीस. उजवी बाजू गेली, वाचा गेली. तुला गाडीत घालून कोल्हापूरला आणेपर्यंत डोळेही ओळख देईनासे झाले. दवाखान्याच्या व्हरांड्यात आपली सगळी भावकी उभी होती. डॉक्टरांनी विचारलं, "रात्रीची रक्त पातळ करणारी गोळी नियमित चालू होती?" मी छाती पुढं काढून म्हणालो, "एक दिवस चुकलेली नाही साहेब. डबा मी स्वतः पाठवतो." डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला. म्हणाले, "रक्तात तसं दिसत नाही. गोळी बऱ्याच दिवसांत पोटात गेलेली नाही."

कोल्हापुरातून डबा भरून गेला होता, सगळ्यांना माहीत होतं. गोळी पोटात गेली नव्हती, हेही सगळ्यांनी ऐकलं. मधे उरली कोण? सगळ्यांच्या माना एकाच वेळी सुरेखाकडे वळल्या. ती कोपऱ्यात तुझ्या चपला छातीशी धरून उभी होती. तिनं खाली बघितलं. झालं. आपल्या माणसांना एवढं पुरतं. तू गेल्यावर तिरडी उचलायच्या आधीच गाव म्हणायला लागलं होतं, सुनेनं म्हातारीला गोळ्याच दिल्या नाहीत. तिच्या नवऱ्यानं, तुझ्या प्रकाशनं, तिच्याशी बोलणं टाकलं. ती रडली तर बायका म्हणायच्या, नाटकं करतीया. नाही रडली तर म्हणायच्या, बघा, डोळ्यात टिपूस न्हाय.

मी स्वतः तिला दोनदा विचारलं. ती लेकराला उचलून आत गेली. बाराव्याच्या आदल्या दिवशी मात्र तिनं मला धान्याच्या खोलीत बोलावलं. तांदळाच्या कणगीत कोपरापर्यंत हात घातला आणि तुपाची जुनी बरणी वर काढली. बरणीत पांढऱ्या गोळ्या. त्याच. रात्रीच्या.

"आत्या काढून ठेवायच्या," ती म्हणाली. सासूला आत्या म्हणायची तुमच्याकडची रीत, आणि तू तिच्यावर मायाही सख्ख्या आत्यासारखी करायचीस, हे मी नाकारत नाही. "चंद्री म्हशीला वैरण कापताना इळा लागला हाताला. रगत थांबंना वो मामा. हळद भरली, फडकं गुंडाळलं, तरी गळतंयच. आत्या लई भ्याल्या. म्हणल्या, ही गोळीच रगताचं पाणी करतीया. त्या रातीपास्नं बंद."

"मग मला का नाही सांगितलं?"

"बाळ्या मला कोल्हापुरात न्हेऊन बसवील म्हणल्या. चंद्री दुसऱ्या कुणाच्या हाताला धार देत न्हाय म्हणल्या. मी म्हणलो, मी सांगतो मामास्नी. तर माझ्या पोराच्या डोक्यावर हात ठेवायला लावला मला."

"आणि या बरणीत कशाला?"

ती पहिल्यांदाच माझ्याकडे बघून बोलली. "भावानं पाठिवल्यालं हाय, टाकवंना म्हणायच्या."

आक्का, ती बरणी मी हातात घेतली. मला रडू यायला हवं होतं. आला तो संताप. भावानं पाठवलं म्हणून टाकवत नाही, पण गिळवतही नाही? माझ्या मायेला तुपाच्या बरणीत घालून ठेवलंस, आणि ते दिसू नये म्हणून रात्रीच्या खणांत निवडून निवडून काजू भरलेस! रीत म्हणून सुरू केलंस ते मला कबूल आहे. पण पुढं त्या रीतीचं तू झाकण केलंस. माहेरचं भांडं म्हणत माहेरालाच फसवलंस. आणि मी, कोल्हापुरातला शहाणा, तुझी लबाडी मूठमूठ खात होतो, चवीनं.

एक फोन करायचा होतास गं. "बाळ्या, रगत थांबंना." बस. शिवलीलानं त्याच दिवशी डॉक्टरांना विचारलं असतं. डॉक्टरांनी रक्त तपासून गोळी कमी केली असती, बदलली असती, काय वाटेल ते केलं असतं. मी तुला आणून बसवलं असतं? असेल. चार दिवस भांडली असतीस, आमच्या ब्लॉकमध्ये उंदरासारखं वाटतंय म्हणून बोंबलली असतीस, आणि पाचव्या दिवशी बायकोच्या आमटीला नावं ठेवत बरी होऊन गेली असतीस. चंद्रीनं चार दिवस दूध दिलं नसतं. म्हशीच्या चार दिवसांच्या दुधापायी गेलीस तू, आक्का. हे मी कुणाला सांगू? ग्रुपवर टाकू?

आणि औषधाला भ्यायचं तू? तू? मला टायफॉईड झाला होता तेव्हा काढ्याचा पेला घेऊन माझ्या छातीवर बसली होतीस, गुडघ्यांनी हात दाबून. नाक धरून पाजलास. मी तुझ्या दंडाला चावलो. तू एक सणसणीत ठेवून दिलीस आणि उरलेला पेलाही पाजलास. आई संध्याकाळी रानातून आली तेव्हा म्हणालीस, "कुत्र्यावानी चावतोय, पण जगंल." जगलो की. तुझ्या त्या गुडघ्यांच्या जोरावर जगलो. ओढ्याला पाणी असलं की मला खांद्यावर घेऊन शाळेला पोचवायचीस आणि स्वतः ओल्या परकरानं वर्गात मागं उभी राहायचीस. चौथीनंतर तुझी शाळा सुटली, माझी सुटली नाही. मी आज चार ओळी लिहितोय त्या तुझ्याच खांद्यावर बसून लिहितोय, हे कळतं मला. म्हणून तर राग जास्त येतो. मला कुणी असं गुडघ्याखाली दाबून वाचवलं, आणि तुझ्या छातीवर बसायला कुणी नव्हतं. मी एकवीस खणांचा प्लास्टिकचा डबा पाठवत होतो.

तेवढ्यावर थांबलं असतं तर मी गप्प बसलो असतो. तुझं शरीर, तुझी गोळी, तुझी म्हैस. माझी चिडचिड मी माझ्यापाशी ठेवली असती. पण त्या पोरीला शपथ घालून तू निघून गेलीस! तुला बोलता येत होतं तोवर ठीक. तुझी वाचा गेली तेव्हा तिचीही गेली. ती दवाखान्याच्या व्हरांड्यात उभी राहून लेकराच्या डोक्याकडे बघत शिव्या खात होती, आणि तू आत डोळे मिटून पडली होतीस. त्यागी म्हणे.

बाराव्याला पाऊस थोडा उघडला होता. मांडवात पंगत बसली. सुरेखा आमटीची बादली घेऊन वाढत होती. तुमच्या भावकीतले थोरले, वसंतआण्णा, तिला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले, "सून धड असती तर म्हातारी अजून धा वर्षं हालली नसती." दोन-चार माना डोलल्या. प्रकाश पत्रावळीकडे बघत बसला.

मी उठलो. माझी उठायची पद्धत तुला माहीत आहे, आधी पोट उठतं, मग मी. लोकांना वाटलं, कोल्हापूरचा मामा आता एखादी गंमत सांगणार. एक-दोघांनी आधीच हसरी तोंडं केली. सुरेखानं माझ्याकडे बघितलं आणि मान जोरजोरात नकारार्थी हलवली. पण शपथ तिला घातली होतीस, आक्का. मला नाही.

मी सगळं सांगितलं. विळा, रक्त, बरणी, काजू. गोष्ट रंगवून सांगायची माझी खोड, पण त्या दिवशी एक शब्द वर-खाली केला नाही. शेवटी म्हणालो, "गोळी आक्कानं सोडली. स्वतःच्या हातानं सोडली. मला फसवलं, शिवलीलाला फसवलं आणि या पोरीचं तोंड बांधलं."

वसंतआण्णांचा घास हातातच राहिला. "ओ पावणं, मेलेल्या माणसाबद्दल असं बोलत्यात व्हय? तेबी बाराव्याला?"

"आणि जित्या माणसाबद्दल बोलत होता तवा?" मी म्हणालो. "तवा कुठला मुहूर्त होता?"

आवाज माझा चढला असावा, कारण गोठ्यात चंद्री हंबरली. कुणी हसलं नाही.

सुरेखानं बादली खाली ठेवली. तिथंच, दोन पंगतींच्या मधे, मातीत बसली. मग ओरडली, तुझ्या फोटोकडे बघून, सगळ्या गावासमोर, डोक्यावरचा पदर पडला तरी न सावरता.

"आत्या, मला का अडकिवलासा वो? म्या काय केलतं तुमचं? माझ्या लेकराच्या डोक्यावर हात ठेवायला लावलासा आन् निघून गेलासा!" आणि त्यापुढं तिनं तुला एक शिवी दिली. मी ती इथं लिहीत नाही. तुझ्याकडूनच शिकलेली होती.

एक म्हातारी तिला आवरायला उठली. प्रकाशनं हातानंच तिला खाली बसवलं. मग तो पत्रावळीवरून उठला, आमटीची बादली उचलली आणि पंगतीत पुढं वाढायला लागला. वाढायची सवय नाही त्याला, निम्मी आमटी भाताच्या बाहेर पडत होती. वसंतआण्णांच्या पुढ्यात तो जरा जास्त वेळ थांबला. आण्णांनी द्रोण पुढं केला.

ती खूप वेळ रडली, आक्का. तुझ्यावर चिडत, तुला हाका मारत, नाक पदराला पुसत. तू असतीस तर म्हणाली असतीस, "झालं तुझं? मग जेव आता." मी म्हणालो नाही. मी तिच्या शेजारी मातीत बसलो, आणि तिचं होऊ दिलं.